एकाच मालाचे चार आकडे

तालुक्याच्या गावातला, बऱ्यापैकी चालणारा एखादा किराणा-भुसार दुकानदार डोळ्यांसमोर आणा. दुकानात आणि मागच्या गोदामात मिळून आज किती रुपयांचा माल आहे, या प्रश्नाला त्याच्याकडे बहुधा एकाहून अधिक उत्तरे असतात. बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा घेतली असेल, तर दरमहा द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल अंमळ अंगाने भरलेला दिसतो, कारण जितका माल तारण तितकी उचल. वर्षअखेरीस प्राप्तिकराच्या हिशेबात तोच माल रोडावतो, कारण अखेरचा साठा कमी धरला की नफाही तेवढाच कमी दिसतो. केंद्र सरकारने गव्हावर किंवा तुरीवर साठ्याची मर्यादा घातलेली असेल, तर पोर्टलवर भरलेला आकडा त्या मर्यादेच्या आत नेमका बसतो. सगळेच दुकानदार असे करतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण विचारणाऱ्याचे तोंड पाहून उत्तर देण्याची सवय आपल्या बाजारपेठेला पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे, आणि विचारणाऱ्यांच्या हातात छडी असल्यामुळे तिचा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारता येत नाही.

या तिघांच्या रांगेत चौथा विचारणारा उभा राहू शकतो. त्याला कर्ज द्यायचे नसते, कर घ्यायचा नसतो आणि गोदामावर छापाही घालायचा नसतो. देशभरातल्या दुकानांत गेल्या महिन्यात किती विक्री झाली आणि महिनाअखेरीस किती माल पडून राहिला, एवढेच त्याला बेरजेत जाणून घ्यायचे असते. अनेक देशांत हा चौथा माणूस दरमहा दुकानदाराकडे चौकशी करतो. आपल्याकडे कारखान्यांतले उत्पादन दरमहा मोजले जाते, भाव दरमहा मोजले जातात, पण किरकोळ विक्रीचा आणि दुकानांतल्या साठ्याचा मासिक सरकारी आकडा अस्तित्वात नाही. तो असायला हवा आणि तो काढणे आपल्या आवाक्यात आहे, असे माझे मत आहे. मात्र चौथा माणूस पहिल्या तिघांपेक्षा खरोखर वेगळा आहे याची खात्री दुकानदाराला कायद्याने आणि अनुभवाने पटल्याशिवाय असे सर्वेक्षण सुरू केले, तर आपल्या हाती केवळ चौथा खोटा आकडा येईल.

हे काम कसे चालते ते पाहायला अमेरिकेचे उदाहरण सोयीचे आहे. आपल्याकडे सेन्सस म्हटले की दर दहा वर्षांची शिरगणती आठवते, पण अमेरिकेचा सेन्सस ब्युरो 1951 पासून किरकोळ व्यापाराचे सर्वेक्षण दरमहा करत आला आहे. लाखो दुकानांपैकी सुमारे 13 हजार कंपन्यांचा नमुना त्यासाठी निवडला जातो. निवड सरसकट चिठ्ठ्या टाकून होत नाही. ज्या मोठ्या साखळ्यांची उलाढाल वगळली तर अंदाज कोलमडेल, त्या नमुन्यात हमखास घेतल्या जातात. उरलेल्यांचे व्यवसायाच्या प्रकारानुसार आणि आकारानुसार गट पाडून त्यांतून काही निवडले जातात, आणि निवडलेल्या प्रत्येक दुकानाला न निवडलेल्या भाईबंदांच्या वतीने बोलावे लागते. शंभरातून एक घेतला असेल तर त्याचा आकडा शंभरपट धरायचा, असे त्यामागचे साधे गणित आहे. दुकानांची मूळ यादी करखात्याच्या नोंदींच्या आधारे तयार होते आणि नव्याने उघडणाऱ्या दुकानांना ठरावीक काळाने नमुन्यात जागा दिली जाते.

महिना संपल्यावर सुमारे दोन आठवड्यांतच पहिला अंदाज जाहीर होतो. तो या नमुन्यातल्या आणखी छोट्या, सुमारे पाच हजारांच्या गटावर आधारलेला असतो. पुढच्या दोन महिन्यांत उशिरा आलेली उत्तरे मिळवून तो सुधारला जातो, आणि नंतर वार्षिक सर्वेक्षणाशी व पाच वर्षांनी होणाऱ्या आर्थिक गणनेशी, म्हणजे व्यवसायांच्या मोजदादीशी, ताडून पुन्हा एकदा घासूनपुसून घेतला जातो. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीने बाजार ठप्प झाला, तेव्हा पहिला अंदाज 16.4 टक्के घसरणीचा होता आणि महिन्याभराने तो 14.7 टक्क्यांवर आला. आपल्याकडे सरकारी आकडा बदलला की लगेच कुणाला तरी त्यात काळेबेरे दिसते. पण लवकर दिलेला कच्चा आकडा आणि सावकाश आलेला पक्का आकडा यांतला फरक उघडपणे दाखवणे हे सांख्यिकीच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण मानले पाहिजे.

विक्री विचारणे त्यातल्या त्यात सोपे. साठा विचारणे फार किचकट. कोणता माल साठ्यात धरायचा, इथूनच घोळ सुरू होतो. दुकानातला आणि गोदामातला माल धरायचा हे उघड आहे. पण वाटेवरच्या ट्रकमधला, मुदत संपून कंपनीकडे परत पाठवायचा म्हणून बाजूला काढलेला, किंवा विकला गेला तरच पैसे द्यायचे या बोलीवर ठेवलेला माल कुणाच्या खात्यात टाकायचा? त्यानंतर किमतीचा प्रश्न येतो. आपल्या किराणा दुकानदाराला विचारले तर तो छापील किमतीने हिशेब सांगेल, हिशेबनीस खरेदीच्या किमतीने सांगेल. अमेरिकेत आणखी एक गुंता आहे. शेवटी आलेला माल आधी विकला गेला असे मानून साठ्याची किंमत धरण्याची पद्धत तिथल्या करकायद्याला चालते, आणि महागाईच्या काळात तिच्यामुळे कागदावरचा साठा खऱ्यापेक्षा स्वस्त दिसतो. म्हणून ब्युरो कंपन्यांकडून ही पद्धत लावण्यापूर्वीची किंमत मागतो. भारतातल्या लेखामानकांना ती पद्धत मान्य नसल्यामुळे निदान एवढी एक डोकेदुखी आपल्याला नाही.

विक्रीबरोबर साठा मोजायचा तो कशासाठी, हे कोणत्याही पेठेतल्या जुन्या व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीआधी भरलेला माल भाऊबीजेनंतरही फळीवर असेल तर पुढचे दोन महिने तो नवी ऑर्डर देणार नाही, हे त्याला अंगवळणी पडलेले असते. देशाच्या बाबतीतही तेच घडते. कारखाने धडाक्यात चालू असतील, मालाने भरलेले ट्रक रस्त्यावर असतील आणि तो सगळा माल दुकानदाराच्या फळीवर साचत असेल, तर उत्पादनाचा निर्देशांक तेजी दाखवेल आणि मंदी मागच्या दाराने आत शिरलेली असेल. साठ्याला विक्रीने भागले की सध्याचा माल किती महिने पुरेल ते कळते. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापारात हे गुणोत्तर साथीच्या आधी 1.4 च्या वर असे. 2021 मध्ये जहाजे बंदरांबाहेर अडकली, तेव्हा ते 1.1 च्या आसपास घसरले. धास्तावलेल्या दुकानदारांनी मग मिळेल तिथून माल उचलला, आणि 2022 च्या उन्हाळ्यात टार्गेटसारख्या मोठ्या साखळीला नको झालेला माल किंमत पाडून काढण्याची जाहीर घोषणा करावी लागली. टंचाईतून अतिरेकाकडे जाण्याचा हा सगळा प्रवास तिथे महिन्यामहिन्याच्या आकड्यांत उमटला आहे.

आपल्याकडे अशा वेळी काय होते, ते 2024 साली मोटारींच्या बाबतीत दिसले. वाहन कंपन्यांची संघटना दरमहा जे आकडे देते, ते कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. ग्राहकाने विकत घेतलेल्या गाड्यांचे नसतात. वितरकांची संघटना 'फाडा' आरटीओच्या नोंदणीवरून किरकोळ विक्री मोजते. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस फाडाने सांगितले की वितरकांकडे 70 ते 75 दिवस पुरेल एवढा, म्हणजे सुमारे 77,800 कोटी रुपयांच्या गाड्यांचा साठा पडून आहे. पुढे तो 80 ते 85 दिवसांवर गेल्याचेही सांगितले. कंपन्यांना हे चित्र मान्य नव्हते, त्यांच्या मते साठा बराच कमी होता. चाकणच्या कारखान्यांपासून गावोगावच्या शोरूमपर्यंत हजारोंची रोजीरोटी या आकड्याशी बांधलेली आहे. तरी दोन्ही आकडे हितसंबंधी पक्षांचे होते, आणि तिसरा, तटस्थ आकडा देणारे कुणीच नव्हते. ज्या वस्तूची एकेक नोंदणी सरकारी संगणकात होते तिच्याबाबतही एवढा वाद होत असेल, तर साबण, कापड, मिक्सर आणि चपला यांच्या साठ्याबद्दल आपण काय बोलणार?

कुणालाच काही माहीत नसते, असेही नाही. बिस्किटे आणि साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्या दुकानांच्या खासगी तपासणीचे अहवाल पैसे मोजून घेतात. औषधांच्या खपाचे मासिक आकडेही खासगी संस्था काढतात. दुकानाच्या फळीवरचे ज्ञान विकत मिळते, पण ते परवडते कंपन्यांना. ज्याच्या फळीवरून ते उचलले त्या दुकानदाराला ते दिसत नाही, आणि व्याजदर किंवा कर ठरवणाऱ्यांपुढेही त्याचे तुकडेच येतात.

सरकारी बाजूला काहीच नाही असे म्हणणेही अन्यायाचे होईल. राष्ट्रीय नमुना पाहणीची परंपरा 1950 पासूनची आहे आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी घालून दिलेल्या नमुना पद्धतीकडे एके काळी जग शिकण्यासाठी पाहत असे. आज राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय कंपनी म्हणून नोंदणी नसलेल्या बिगरशेती व्यवसायांचे वार्षिक सर्वेक्षण करते. 2023-24 च्या फेरीत अशा व्यवसायांची संख्या 7.34 कोटी आणि त्यांत काम करणाऱ्यांची संख्या 12 कोटींहून अधिक निघाली. त्यात छोटे उत्पादक, दुकानदार आणि इतर सेवा देणारे असे सगळे आले. 2025 पासून या सर्वेक्षणाची तिमाही पत्रिकाही निघू लागली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तिचा भर व्यवसायांची आणि कामगारांची संख्या सांगण्यावर आहे. दुसरीकडे 2019 मध्ये सुरू झालेल्या सातव्या आर्थिक गणनेचे निष्कर्ष वर्षे उलटली तरी लोकांसमोर आले नाहीत. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मुभा दिली. दुकानदाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण त्यामुळे दुकानांच्या सरकारी यादीचा एक आधार सैल झाला. 2011-12 आधारवर्षाच्या मालिकेत तिमाही जीडीपी जाहीर होई, तेव्हा व्यापार हा हॉटेल, वाहतूक, दळणवळण आणि प्रसारण यांच्यासोबत एकाच ओळीत कोंबलेला असे. अडत्यापासून विमान कंपनीपर्यंत सगळ्यांची सरासरी काढून व्यापाराचे काय समजणार, हे मला कधीच उमगले नाही.

'आता जीएसटी आहे, वेगळे सर्वेक्षण कशाला?' हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. पण जीएसटी कर गोळा करण्यासाठी बनवलेला आहे आणि त्याची रचना त्या कामापुरतीच आहे. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या माल विक्रेत्याला सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, म्हणजे गल्लीतले बहुसंख्य दुकानदार मुळातच जाळ्याबाहेर राहतात. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना विवरणपत्र तिमाहीला भरण्याची सवलत आहे. पेट्रोल, डिझेल आणि मद्य जीएसटीत नाहीत. उत्पादकाने घाऊक व्यापाऱ्याला विकले, त्याने किरकोळ दुकानदाराला आणि त्याने ग्राहकाला, अशा प्रत्येक पायरीवर कराची नोंद होते, त्यामुळे एकूण वसुलीवरून किरकोळ खप ओळखता येत नाही. करसंकलन वाढल्याच्या बातम्या दर महिन्याच्या एक तारखेला मोठ्या मथळ्यांनी येतात. ती वाढ खपामुळे, भाववाढीमुळे, आयातीमुळे की वसुलीच्या कडकपणामुळे झाली, हे मथळ्यात नसते. आणि महिनाअखेरीस किती माल शिल्लक राहिला हे मासिक विवरणपत्र विचारतच नाही, कारण कर लागतो तो विक्रीवर.

सप्टेंबर 2025 आठवून पाहा. जीएसटीचे दर उतरणार असे 15 ऑगस्टला जाहीर झाले, 3 सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि 22 सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेला, नवे दर लागू झाले. मधले पंधरा दिवस पितृपक्षाचे होते, ज्यात आपल्याकडे मोठी खरेदी तशीही टाळली जाते. त्यातच चार दिवस थांबले तर टीव्ही आणि गाडी स्वस्तात मिळेल हे कळल्यामुळे ज्यांना पक्ष-पंधरवड्याचे सोयरसुतक नाही तेही थांबले. दुकानात पडलेल्या मालावर जुनी छापील किंमत होती, आणि त्यावर नवी किंमत लावून तो विकण्याची परवानगी सरकारला द्यावी लागली. असा जुन्या किमतीचा किती माल त्या दिवशी देशभरातल्या फळ्यांवर होता? नवरात्रात आणि दिवाळीत दिसलेल्या गर्दीतला किती भाग नव्या मागणीचा होता आणि किती नुसता तुंबलेला? कर कमी करून खप वाढतो की नाही, हा अर्थकारणातला मोठा प्रश्न आहे. तो तपासण्याची नामी संधी आपण मोजमापाअभावी दवडली. ज्याला जे वाटले ते तो दूरचित्रवाणीवर छातीठोकपणे सांगत राहिला, आणि त्याला खोडून काढायलाही कुणाकडे आकडा नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोट्यवधी छोट्या दुकानांच्या देशात दरमहा सर्वेक्षण कसे करणार? ब्राझीलच्या सांख्यिकी संस्थेने याला सोपे उत्तर शोधले: तिचे व्यापाराचे मासिक सर्वेक्षण वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांपुरतेच आहे. इंडोनेशियात मध्यवर्ती बँक दहा शहरांतल्या सुमारे सातशे विक्रेत्यांना विचारून निर्देशांक काढते. अशी सुरुवात आपल्याला उद्याही करता येईल. पण भारतापुरते पाहिले तर त्यात एक धोका आहे, आणि तो आपण नोटाबंदीच्या वेळी पाहिलेला आहे. त्या वेळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेत असंघटित व्यापाराचा पाया 2010-11 च्या नमुना पाहणीचा होता आणि मधल्या वर्षांचे अंदाज निरनिराळ्या निर्देशकांच्या आधाराने पुढे ओढले जात. नोव्हेंबर 2016 मध्ये रोकड आटली, तेव्हा जो मार खाल्ला तो मुख्यतः रोखीने चालणाऱ्या छोट्या दुकानाने. त्याच्या वाट्याची गिऱ्हाइके कार्ड घेणाऱ्या मोठ्या दुकानाकडे वळली असतील, तर फक्त मोठ्यांना विचारणाऱ्या सर्वेक्षणाने त्या महिन्यात बरकतीचीच बातमी दिली असती. आज घरपोच दहा मिनिटांत किराणा देणाऱ्या कंपन्यांमुळेही तीच शंका उभी राहते. एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची घट असेल, तर दोघांनाही विचारावे लागेल.

छोट्या दुकानदाराला विचारायचे कसे, याचे उत्तर बाजाराने केव्हाच शोधून ठेवले आहे. रोजची विक्री पाटीवर लिहून पुसणारा किंवा गल्ल्यातली रोकड मोजून समाधान मानणारा दुकानदार महिन्याची विक्री विश्वासाने सांगू शकत नाही. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, कर भरणाऱ्याला सविस्तर वह्या ठेवण्याचे बंधनही नाही. पण त्याच्याकडे वितरकांची बिले असतात आणि माल समोर फळीवर असतो. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक महिन्यातली खरेदी वजा अखेरचा साठा, म्हणजे विक्री. अमेरिकेत नील्सन कंपनीने 1930 च्या दशकात औषधांच्या आणि किराण्याच्या दुकानांची तपासणी याच हिशेबाने सुरू केली, आणि दिवाळीच्या तोंडावर नव्या चोपड्या घालण्याआधी माल मोजून घेणारे आपले व्यापारीही वर्षातून एकदा हेच करत आले आहेत. म्हणजे साठ्याचा प्रश्न हा सर्वेक्षणाला जोडलेले शेपूट नाही. वह्या नसलेल्या दुकानात विक्रीपर्यंत पोहोचण्याची वाटच साठ्यातून जाते. मोठ्या कंपन्यांकडून दरमहा संगणकावर आकडे घ्यावेत, आणि छोट्यांसाठी वॉर्ड आणि गावे निवडून, तिथल्या काही दुकानांत प्रशिक्षित अन्वेषकाने सलग काही महिने जावे आणि मग दुकाने बदलावीत. एकाच दुकानदाराला वर्षानुवर्षे छळू नये. याला खर्च येईल, पण दरमहा देशभरातून भाव टिपणारी यंत्रणा आपण चालवतोच.

इथवरचा सगळा भाग तंत्राचा आहे आणि तंत्रज्ञ तो सोडवतील. न सुटणारी गाठ आहे ती पहिल्या परिच्छेदातली. आपल्या देशात सरकार दुकानदाराला साठा कधी विचारते? साठेबाजीचा संशय आला की. जून 2023 मध्ये तूर आणि उडीद यांवर किरकोळ दुकानासाठी 5 टनांची आणि गव्हावर 10 टनांची मर्यादा आली आणि साठा पोर्टलवर जाहीर करण्याचे बंधन आले. ऑक्टोबर 2020 मध्ये कांद्यावर किरकोळ विक्रेत्याला 2 टन आणि घाऊक व्यापाऱ्याला 25 टन अशी मर्यादा घातली गेली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावात भाग घेणेच थांबवले, आणि लासलगावच्या आवारात त्याची झळ बसली ती शेतकऱ्याला. अशा मर्यादा योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण ज्या दुकानदाराने साठा हा शब्द सरकारच्या तोंडून फक्त गुन्ह्याच्या संदर्भात ऐकला आहे, त्याच्या दारात उद्या सांख्यिकी कार्यालयाचा अन्वेषक वही घेऊन उभा राहिला, तर तो दार किलकिलेच उघडणार.

कायदा नाही असे नाही. 2008 च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाने मिळालेली माहिती सांख्यिकीशिवाय अन्य कामासाठी वापरण्यास आणि एकेकट्याची माहिती उघड करण्यास बंदी केली आहे. पण हे कलम बाजारपेठेतल्या किती जणांनी ऐकले असेल? आणि माहिती सांख्यिकी कार्यालयाने फोडली नाही, तरी ती अन्य वाटेने हाती पडू शकते, हा धडा अमेरिकेला न्यायालयात शिकावा लागला. तिथे कंपन्यांनी सेन्सस ब्युरोला दिलेली माहिती ब्युरोकडे सुरक्षित होती. पण त्या अर्जांच्या ज्या प्रती कंपन्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवल्या होत्या, त्या एका नियामक आयोगाने चौकशीसाठी मागितल्या. सेंट रेजिस पेपर कंपनीच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये आयोगाच्या बाजूने निकाल दिला: ब्युरोकडची प्रत गोपनीय आहे, कंपनीकडची नाही. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून असेल, पण त्याने भरवशाच्या मुळावरच घाव घातला, कारण सरकारला खरे सांगून त्याची नक्कल जवळ ठेवणे हेच धोक्याचे ठरले. अमेरिकी काँग्रेसने हे ओळखले आणि 1962 मध्ये कायदा बदलून कंपनीच्या कपाटातल्या प्रतीलाही तेच संरक्षण दिले. किरकोळ विक्रीचे तिथले मासिक सर्वेक्षण आजही ऐच्छिक आहे. उत्तर दिले नाही तर शिक्षा नाही. प्रतिसाद अलीकडे घटत चालला असला, तरी ते सात दशके चालले याचे श्रेय मी गोपनीयतेच्या त्या भिंतीला देतो.

आपल्या कायद्यातही ही भिंत उंच करून घ्यावी लागेल. सर्वेक्षणाला दिलेले उत्तर, त्याची दुकानदाराकडची प्रत आणि अन्वेषकाची टिपणे यांपैकी काहीही जीएसटी अधिकाऱ्याला, प्राप्तिकर खात्याला, पुरवठा निरीक्षकाला किंवा बँकेला मागता येणार नाही आणि कोणत्याही कारवाईत पुरावा म्हणून चालणार नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले पाहिजे. उलट दिशेने मात्र दार उघडे असावे. जीएसटीच्या नोंदणीतून दुकानांची यादी आणि ढोबळ आकारमान सांख्यिकी कार्यालयाला मिळावे, जसे अमेरिकेत करखात्याच्या नोंदींतून ब्युरोला मिळते. सेवाक्षेत्रातल्या कंपन्यांच्या प्रायोगिक सर्वेक्षणासाठी जीएसटीची यादी वापरून आपण त्या वाटेवर पहिले पाऊल टाकलेही आहे. माहिती करखात्याकडून सांख्यिकीकडे यावी, सांख्यिकीकडून करखात्याकडे एक टिपूसही जाऊ नये. करचुकवेगिरी पकडण्याचे इतके सोपे साधन सरकार हातचे का घालवील, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच की असे साधन एकदाच वापरता येते. दुसऱ्या महिन्यापासून त्याला पहिल्या तिघांना मिळते तसलेच उत्तर मिळेल.

आकडे आल्यावर ते वाचण्याची आपली एक खास अडचण आहे, आणि तिची तयारी आधीपासून करावी लागेल. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होते, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. या ऑक्टोबरची गेल्या ऑक्टोबरशी तुलना केली तर व्यापार वाढला की दिवाळी सरकली, हे कळणार नाही. सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेतात. त्या महिन्यात लग्नसराई थांबते, मात्र जावयाच्या वाणासाठी चांदीच्या निरांजनांना उठाव येतो. केरळचा ओणम आणि बंगालची दुर्गापूजा यांची गणिते आणखी निराळी. अमेरिकी ब्युरो हंगामी चढउतार काढून टाकण्यासाठी जी एक्स-13 नावाची प्रणाली वापरतो, तिच्यात ईस्टरची सोय आधीच आहे. अधिक मासाची आपल्याला करावी लागेल. ईस्टरची सोय असणाऱ्यांच्याही चुका होतात. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने ऑगस्ट 2025 मध्ये किरकोळ विक्रीचे आकडे ऐन वेळी दोन आठवडे पुढे ढकलले, कारण हंगामी समायोजनातली त्यांची स्वतःचीच चूक त्यांना सापडली होती. आपल्याला पहिली तीन-चार वर्षे आकडे केवळ 'प्रायोगिक' म्हणून प्रसिद्ध करावे लागतील, आणि त्या काळात ते कुणीही निवडणुकीच्या सभेत वापरू नयेत अशी नुसती आशाच करता येईल.

सुरुवात राज्याने केली तरी चालेल. नमुना पाहणीत केंद्राच्या बरोबरीने राज्याचा नमुना घेण्याची प्रथा जुनी आहे आणि महाराष्ट्राच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाला तिचा दीर्घ अनुभव आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारखी मोठी शहरे, मराठवाड्यातली एक-दोन तालुक्याची ठिकाणे, कोकणातले एखादे गाव. किराणा, कापड, औषधे आणि घरगुती उपकरणे एवढेच प्रकार. प्रश्न चारच: महिन्यातली खरेदी, विक्री सांगता आली तर विक्री, अखेरचा साठा आणि उधारी. उधारीचा प्रश्न अमेरिकी सर्वेक्षणातून घेतलेला नाही. तो मी मुद्दाम घातला, कारण आपल्याकडे मंदीची पहिली चाहूल गल्ल्याआधी उधारीच्या वहीत लागते. त्या बदल्यात दुकानदाराला काही परत मिळाले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात आपल्या व्यवसायाची विक्री सरासरी किती वाढली आणि साठा किती दिवसांचा आहे, हे त्याच्या फोनवर त्याच्या भाषेत महिन्याभराने आले, तर माल किती भरायचा हे ठरवताना त्याला केवळ वितरकाच्या सेल्समनच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही. बँकेचा अधिकारी, करसल्लागार आणि पुरवठा निरीक्षक त्याच्याकडून आकडे नेतात, पण त्यांच्यापैकी कुणीही आजवर त्याला एकही आकडा आणून दिलेला नाही.